शेवटची तारीख नसलेली गोळी

साठी-सत्तरीपुढच्या माणसाच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, कोलेस्टेरॉलची असते. त्यांच्याच रांगेत, 'रात्र' लिहिलेल्या कप्प्यात, आणखी एक लहानशी गोळी असते. बाकीच्या गोळ्या कशासाठी आहेत हे त्या माणसाला पाठ असते आणि त्या जन्मभर घ्यायच्या आहेत हेही डॉक्टरांनी बजावलेले असते. या लहान गोळीबद्दल विचारले, की उत्तरे मोघम होत जातात. 'बायपासच्या वेळी दिली होती.' 'हे गेले तेव्हा सुरू केली.' 'फार नाही हो, पॉइंट टू फाइव्हच आहे.' 'मी तर अर्धीच घेते.' ती कधी सुरू झाली ते नेमके आठवते. ती कधी बंद करायची, हे कुणी सांगितलेलेच नसते. मग रक्तदाबाच्या गोळीशेजारी बसून तीही कायमची होते.

हे पुस्तक त्या गोळीविषयी आणि ती जिच्यासाठी घेतली जाते त्या झोपेविषयी आहे. झोपेची गोळी म्हणजे विष, असे सांगण्यासाठी ते लिहिलेले नाही. जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, आजारपणातला एखादा कठीण पंधरवडा अशा वेळी तिचा उपयोग होतो आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. म्हणणे एवढेच आहे, की उतारवयातल्या माणसाला ही गोळी लिहून देताना तिचा शेवटचा दिवसही त्याच कागदावर लिहिलेला असावा. सुरुवातीला डॉक्टर असतो, कारण असते, कुटुंब सोबत असते. शेवटाची जबाबदारी मात्र कुणाकडेच नसते, आणि बहुतेक नुकसान तिथून सुरू होते.

आधी झोपेकडे पाहू. म्हातारपणी झोप कमी लागते, हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. गरज फारशी घटत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये सुचवलेले प्रमाण तरुणांसाठी ७ ते ९ तास आहे, तर पासष्टीपुढच्यांसाठी ७ ते ८ तास. बदलते ती झोपेची घडण. रात्रीच्या पूर्वार्धात येणारी गाढ झोप वयाबरोबर तोकडी होत जाते आणि मधूनमधून जाग येण्याचे प्रसंग वाढतात. शरीरातले घड्याळ लवकरच्या वेळा दाखवू लागते, म्हणजे संध्याकाळीच डोळे जड होतात आणि पहाटे लवकर उघडतात. अंधार पडल्यावर मेंदूत पाझरणारे मेलाटोनिन कमी होते. डोळ्यातले भिंग पिवळसर होत गेल्याने या घड्याळाला वेळ कळवणारा निळसर उजेड आत कमी पोचतो. त्यात घराबाहेर पडणे कमी झाले, की दिवस आणि रात्र यांच्यातला फरक शरीराला आणखीनच पुसट कळतो.

नऊला झोपून चारला उठणारा माणूस सात तास झोपलेला असतो. काकडआरती आणि भूपाळ्यांच्या दिवसांत अशा माणसाचे कौतुक व्हायचे. आता घरातला टीव्ही अकरापर्यंत चालू असतो, मुलगा-सून कामावरून नऊला येतात, त्यानंतर जेवणे होतात. लेक कॅलिफोर्नियात असेल तर तिची सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेनऊ-दहाची वेळ, त्यामुळे तिचा फोनही तेव्हाच येतो. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा होतात. जाग मात्र ठरल्या वेळी चारलाच येते. हाती राहतात साडेचार तास. त्यांची भरपाई लांबलेल्या वामकुक्षीत आणि संध्याकाळी खुर्चीतल्या डुलक्यांत होते, आणि त्या डुलक्यांमुळे रात्रीची झोप आणखी पुढे ढकलली जाते. इथे गोळी सुरू झाली, तर ती घराच्या वेळापत्रकावर दिलेली गोळी असते.

खरा निद्रानाशही असतोच. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून निदान तीन रात्री, निदान तीन महिने झोप लागत नाही, टिकत नाही किंवा फार लवकर मोडते, आणि त्याचा त्रास दिवसाच्या कामांत जाणवतो, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. उतारवयात त्याच्या आड बहुधा दुसरे काहीतरी दडलेले असते. प्रोस्टेट वाढल्याने तीनदा उठावे लागते. लघवी वाढवणारी गोळी सकाळऐवजी संध्याकाळी घेतली जाते. गुडघे कूस बदलू देत नाहीत. घोरता घोरता श्वास अडकतो आणि माणूस दचकून जागा होतो. पायांत अशी वळवळ सुटते, की ते हलवल्यावाचून राहवत नाही, आणि तपासले तर शरीरात लोह कमी निघते. स्टेरॉइड चालू असते. पहाटे तीनला येणारी आणि मन काळवंडून टाकणारी जाग हे नैराश्याचे लक्षण असू शकते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात झोप न येण्याची कारणे सांगताना काम, काल, विकार, प्रकृती आणि वात अशी पाच नावे येतात. उपचाराआधी कारण मोजण्याची ही शिस्त आजच्या दवाखान्यात पाच मिनिटांच्या भेटीत हरवते. श्वास अडकणाऱ्या माणसाला झोपेची गोळी दिली, तर त्याची तक्रार थांबते आणि आजार बळावतो.

निद्रानाश टिकतो कसा, याचे एक साधे स्पष्टीकरण आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मांडले. काही माणसांची मुळातच झोप हलकी असते. मग एखादा प्रसंग घडतो: निवृत्ती, वैधव्य, आजारपण, घर बदलणे. झोप मोडते. प्रसंग यथावकाश सरतो, पण मधल्या काळात जडलेल्या सवयी मागे राहतात. रात्री नाही तर नाही, म्हणून माणूस नऊ-नऊ तास अंथरुणात पडून राहतो, घड्याळ बघतो, दिवसा भरपाई करतो, संध्याकाळपासूनच रात्रीची धास्ती घेतो. पुढची सारी वर्षे निद्रानाश या सवयींवर जगतो. प्रसंगासाठी आणलेली गोळी याच सवयींत जाऊन बसते आणि मूळ दुःख ओसरल्यावरही डब्यात उरते.

झोपेच्या औषधांचा इतिहास वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्येक नवे औषध आधीच्यापेक्षा सुरक्षित म्हणून बाजारात आले आणि त्याच्या धोक्याची किंमत कळायला कधी काही वर्षे, तर कधी एक पिढी गेली. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइखने क्लोरल हायड्रेट हे झोप आणणारे द्रव्य म्हणून पुढे आणले. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल आणले. ते व्हेरोनल या नावाने विकले गेले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक बार्बिट्युरेट या औषधांनी राज्य केले. त्यांच्यात झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. म्हणून १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड आले तेव्हा त्याच्या निर्धोकपणाचा मोठा गाजावाजा झाला. १९६१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. तोवर गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या पोटी हजारो बाळे हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती.

त्याच सुमारास लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून रोश कंपनीने बेन्झोडायझेपिन हे नवे कूळ आणले. १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम, १९६५ मध्ये नायट्राझेपाम. आज आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी अल्प्राझोलम आणि क्लोनाझेपाम याच कुळातली. मेंदूला शांत करणारे गाबा नावाचे जे रसायन आपल्यात असतेच, त्याचा परिणाम ही औषधे वाढवतात. बार्बिट्युरेटच्या तुलनेत ती खरोखरच सुरक्षित होती, हे मान्य करायला हवे. जुन्या सिनेमात नायिका बाटलीभर गोळ्या रिकाम्या करते, त्या दृश्यामागची भीती बार्बिट्युरेटच्या काळातली आहे. नवी भीती वेगळी निघाली. ब्रिटनमध्ये माल्कम लेडर यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांच्या लक्षात आले, की डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत, एकही गोळी जास्त न घेतासुद्धा, माणसाला हे औषध सोडवेनासे होते. १९८८ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने सांगितले, की ही औषधे फार तर दोन ते चार आठवडेच द्यावीत. त्यानंतर आले झोल्पिडेम आणि त्याची भावंडे. यांचीही ओळख सवय न लावणारी अशीच करून देण्यात आली होती. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्म्यावर आणली, कारण रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी गाडी चालवतानाही उरलेला आढळत होता. २०१९ मध्ये झोपेतच उठून चालणे, स्वयंपाक करणे, गाडी काढणे अशा घटनांमुळे त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २०२० मध्ये बेन्झोडायझेपिनच्या वेष्टनावरही सवय आणि औषध सोडतानाच्या त्रासाबद्दल तसाच इशारा आला.

तीच गोळी चाळिशीत आणि पंचाहत्तरीत सारखी वागत नाही. वयाबरोबर शरीरातले पाणी कमी होते, चरबीचे प्रमाण वाढते, यकृताचे काम मंदावते. चरबीत विरघळणारे औषध मग शरीरात मुक्काम करते. डायझेपामबद्दल १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासातून एक ढोबळ हिशेब निघाला: शरीरातले औषध निम्म्यावर यायला लागणारे तास जवळपास माणसाच्या वयाइतके असतात. विशीत सुमारे वीस तास, ऐंशीत ऐंशी-नव्वद तास. रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या अंगात आजची गोळी शिरते तेव्हा कालची आणि परवाची अजून मुक्कामालाच असते. सगळ्या गोळ्यांचा मुक्काम इतका लांबत नाही, पण लवकर उतरणाऱ्या गोळ्यांनाही म्हातारा मेंदू अधिक झुकतो.

मिळते काय आणि जाते काय, याचा हिशेब २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. साठीपुढच्या माणसांवर झालेले २४ अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. औषधाने झोप वाढली, पण सरासरी २५ मिनिटांनी. तेरा जणांना औषध दिले तर एकाला झोपेत खरा फायदा होत होता, आणि दर सहा जणांमागे एकाला काही ना काही अपाय होत होता. वाचताना पंचवीस मिनिटे फार थोडी वाटतात. रात्रभर छताकडे बघणाऱ्या माणसाला ती तशी वाटत नाहीत, हेही खरे. म्हणून त्यांच्या बदल्यात काय द्यावे लागते, ते त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

द्यावा लागतो तो मुख्यतः तोल. पहाटे तीनला लघवीसाठी उठलेला माणूस, अंगात निम्मी झोप, न लावलेला दिवा, मोरीची ओली लादी. खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते. पुढे शस्त्रक्रिया, अंथरुण, छातीत कफ, आणि अनेकदा पूर्वीसारखे चालणे कधीच परत येत नाही. दुसरा अपाय हळू चालतो, म्हणून त्याचा संशय येत नाही. सकाळची सुस्ती, नावे न आठवणे, बोलता बोलता धागा सुटणे यांना घरचे 'आता वय झालं' म्हणतात आणि तसेच सोडून देतात. गोळी कमी केल्यावर यातले काही मागे हटलेले दिसते. या औषधांमुळे डिमेन्शिया होतो का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काही पाहण्यांत संबंध दिसला, काहींत नाही, आणि झोप बिघडणे हेच त्या आजाराचे आगाऊ लक्षणही असू शकते. पडणे आणि गोंधळणे यांबद्दल मात्र वाद उरलेला नाही. मार्क बीअर्स या अमेरिकी वार्धक्यतज्ज्ञाने १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते, आणि २०२३च्या आवृत्तीतही बेन्झोडायझेपिन, झोल्पिडेमचे कूळ आणि झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधे तीत आहेत.

आपल्याकडची एक अडचण अशी, की अनेकांना आपण झोपेची गोळी घेतो हे ठाऊकच नसते. पोटात मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या एका प्रचलित मिश्रणात क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते, म्हणजे साठच्या दशकातले तेच लिब्रियम. 'टेन्शनची गोळी' म्हणून मिळणाऱ्या एसिटॅलोप्रामच्या जोडीला त्याच गोळीत क्लोनाझेपाम असते. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन आणि खोकल्याच्या काही औषधांतले डायफेनहायड्रामिन गुंगी आणतात, म्हणून काहीजण सर्दी नसतानाही ती घेतात. वृद्धांत या औषधांनी तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि डोके गोंधळते. कुणी रात्रीच्या गोळीवर एक पेगही घेतो. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि हा संयोग जिवावर बेतू शकतो.

घरगुती उपायांकडे आपण अधिक प्रेमाने बघतो. झोपण्याआधी दुधात उगाळलेले जायफळ, तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणे, डोक्याला तेल. चरकांनी झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे. तळपाय घासून देणारा हात, कोमट दूध, रोज त्याच वेळी तोच क्रम यांनी मन सैलावते आणि यात गमावण्यासारखे काही नाही. फक्त मधुमेह्याने दुधातली साखर आणि रात्री उठावे लागणाऱ्याने दुधाचा पेला मोजून घ्यावा, आणि जायफळ चिमूटभरच असावे, कारण जास्त झाले तर भ्रम होतो, छाती धडधडते. अश्वगंधेवर काही छोटे अभ्यास झाले आहेत. थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असलेल्याने ती डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये.

वनस्पतीचे आहे म्हणजे निर्धोक आहे, या समजाला सर्पगंधेची गोष्ट पुरेशी आहे. झोप आणि उन्माद यांसाठी ही मुळी आपल्या देशात कित्येक पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरच्या तिच्या परिणामाचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खोल नैराश्य दिसू लागले, हे लवकरच नोंदवले गेले. जे झोप आणण्याइतके समर्थ आहे, ते आणखीही काही करण्याइतके समर्थ असते, मग ते मुळीत असो वा गोळीच्या पट्टीत.

मेलाटोनिनची सध्या चलती आहे. त्याच्या गोळ्या आणि गमी ऑनलाइनही सहज मिळतात. येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते शोधले. हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी युरोपात २००७ मध्ये पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी मान्य झाली. बाकी गोळ्यांच्या मानाने तिचा धोका कमी आहे आणि परिणामही बेताचा आहे. २०१३ मध्ये १९ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागत असल्याचे दिसले. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादने तपासली, तर काहींत लेबलवरच्या आकड्याहून कितीतरी कमी आणि काहींत कितीतरी जास्त मेलाटोनिन निघाले. घ्यायचेच तर डॉक्टरांना विचारून, ठरावीक वेळी, ठरावीक दिवस.

कायदा आपल्याकडे आहे. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या एच-१ परिशिष्टात अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवायची असते. प्रत्यक्षात चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीची झेरॉक्स चालते, ओळखीच्या मेडिकलमध्ये तीही लागत नाही, आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर 'मला लागू पडली, तूही घेऊन बघ' म्हणत एक पट्टी या हातातून त्या हातात जाते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर वॉर्डातल्या दिव्यांमुळे आणि आवाजांमुळे सुरू केलेली गोळी तशीच उतरते. पुढचा डॉक्टर आधीच्याने दिली म्हणून ती चालू ठेवतो. कुणी वाईट हेतूने वागत नाही आणि तरीही गोळी दहा वर्षे चालते.

गोळीला पर्याय काय, हा वाचकाचा रास्त प्रश्न आहे, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याच्या उत्तराला दिला आहे. निद्रानाशासाठी आखलेली एक वर्तनोपचाराची पद्धत गेली काही दशके जगभर वापरली जाते. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशात औषधाआधी हीच पद्धत वापरावी असे सांगितले. तिच्यातले नियम ऐकायला सोपे आणि पाळायला अवघड आहेत. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवायची. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे. अंथरुणात टीव्ही, मोबाइल, हिशेब, काळज्या काही न्यायचे नाही. आणि सर्वांत कडू नियम: प्रत्यक्ष झोप साडेपाच तास होत असेल, तर नऊ तास पडून राहायचे नाही, सुरुवातीला सहा तासच पडायचे आणि झोप भरू लागली की तो वेळ थोडा थोडा वाढवायचा. पहिले दोन आठवडे जड जातात. तोल जाणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. पण टिकते ते हेच. शार्ल मोरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ६५ वर्षे वयाच्या ७८ जणांपैकी काहींना हा उपचार, काहींना गोळी, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली होती. सुरुवातीला तिन्ही खऱ्या उपचारांनी झोप सुधारली. दोन वर्षांनी ती सुधारणा मुख्यतः वर्तनोपचार घेतलेल्यांत टिकून होती.

गोळी बंद करता येते, हे सत्तरीच्या माणसाला बहुधा कुणी सांगितलेलेच नसते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. औषधविक्रेत्यांमार्फत निवडलेल्या, दीर्घकाळ बेन्झोडायझेपिन घेणाऱ्या ६५ ते ९५ वयाच्या सुमारे तीनशे जणांपैकी निम्म्यांना घरी एक पुस्तिका पाठवली गेली. गोळीचे धोके, स्वतःची परीक्षा घेणारे काही प्रश्न आणि मात्रा हळूहळू कमी करण्याचे टप्प्याटप्प्यांचे चित्र एवढेच तिच्यात होते. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. समजेल अशा भाषेतली माहिती माणसाच्या हाती दिली, तर तो स्वतः निर्णय घेतो, यावरचा विश्वास या प्रयोगाने वाढला. मराठीत असे काही असावे, या इच्छेतून हे पुस्तक तयार झाले.

मात्र एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचावी. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एका रात्रीत बंद करू नये. मेंदूला तिची सवय झालेली असते. ती अचानक काढली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हात कापतात, जीव घाबरतो आणि क्वचित फिटही येते. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे ही औषधे सोडवणारे क्लिनिक चालवले, आणि सावकाशपणा हाच त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. कॅनडात २०१८ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात दर दोन आठवड्यांनी मात्रा सुमारे पाव हिश्शाने उतरवावी आणि शेवटी शेवटी त्याहूनही हळू जावे असे सुचवले आहे. या काळातल्या दोन-चार वाईट रात्री म्हणजे मूळचा आजार परतला असे नाही, हे आधीच ठाऊक असले तर माणूस मागे फिरत नाही.

घरच्यांसाठीही एक प्रकरण आहे आणि ते लिहिणे सोपे नव्हते. डिमेन्शिया झालेले वडील रात्री तीनदा दार उघडून बाहेर जायला निघतात, आणि सून सकाळी सहाला डबे करायला उठते. अशा घरात गोळी वडिलांना दिली जाते, पण झोप हवी असते सुनेला. तिची गरज खोटी नाही. ती गोळी कुणासाठी आहे हे घरात उघडपणे बोलले गेले, तर निदान दुसरे मार्ग शोधता येतात: दिवसा उन्हात चालणे, दुपारची झोप आटोपती ठेवणे, दाराला वरच्या बाजूला कडी, रात्रीचे काम आळीपाळीने वाटून घेणे, परवडत असेल तर रात्रीपुरती बाई. याउलट काही माणसांच्या बाबतीत गोळी काढण्याचा हट्ट धरू नये. शेवटच्या आजारात असलेल्याला शांत रात्र मिळणे महत्त्वाचे. पंचवीस वर्षे अर्धी गोळी घेणाऱ्या आणि नव्वदीला टेकलेल्या आजींचा निर्णय त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यावा. धोका समजून घेऊन त्या 'राहू दे' म्हणाल्या, तर त्याला मान द्यावा.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात वयाबरोबर बदलणारी झोप आणि ती मोडणारे आजार आहेत. दुसऱ्यात प्रत्येक औषधाची वेगळी ओळख आहे: ते काय करते, किती वेळ अंगात राहते, कुणी घेऊ नये. तिसऱ्यात वर्तनोपचाराची आठवड्यागणिक आखणी आणि झोपेची रोजनिशी ठेवायचा तक्ता आहे. चौथ्यात गोळी कमी करण्याविषयी आणि त्या काळात कुटुंबाने काय करावे याविषयी लिहिले आहे. ज्यांची गोळी अजून सुरू झालेली नाही, त्यांनी दुसरा भाग वगळून तिसऱ्यावर जावे. ज्यांची सुरू आहे त्यांनी दुसरा वाचून घाबरून गोळी टाकू नये, चौथा वाचावा आणि डॉक्टरांकडे जावे.

जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. पोटाच्या, सर्दीच्या, आयुर्वेदिक, ऑनलाइन मागवलेल्या, शेजाऱ्याने दिलेल्या, सगळ्या. त्या टेबलावर मांडून दोन प्रश्न विचारावेत: यातली झोपेची कोणती, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळेल. दुसऱ्याला डॉक्टरांना थोडा वेळ लागला, तर तो द्यावा, पण तारीख चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय उठू नये.